मुंबईचा फेरफार

चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात, फेज दोनमध्ये, दुपारच्या चहाला माणसं शेडबाहेर जमली की बोलणं हटकून प्लॉटवर येतं. इथले कितीतरी प्लॉट ९९ वर्षांच्या लीजवर दिलेले आहेत. जमीन सरकारची, वरची शेड आपली. बाप गेला की कागदावर मुलाचं नाव चढवायचं. त्याला पंजाबात ‘इंतकाल’ म्हणतात, आपण ‘फेरफार’ म्हणतो. लीजहोल्डचं फ्रीहोल्ड कधी होणार आणि भावाभावांत नाव कोणाचं लागणार, हे विषय इथे कधीच संपत नाहीत. अशाच एका दुपारी एका वयस्कर सरदारजींनी मला विचारलं, “आपकी बंबई दहेज में दी गई थी, ये सच है?” मी हो म्हटलं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, “पर रजिस्ट्री किसके नाम थी?”

शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं की पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. मुलीच्या लग्नात भांडीकुंडी, दागिने, गाय-वासरू देतात तसं एक बेट देऊन टाकलं, एवढंच डोक्यात राहतं. पण ते बेट पोर्तुगालच्या राजाच्या नावावर आलं कसं? आणि समुद्रावरचं इतकं चांगलं बंदर देऊन टाकण्याइतकी कोणती अडचण त्याच्यावर आली होती? याचं उत्तर शोधायला मुंबईतून निघून थेट मोरोक्कोच्या वाळवंटात जावं लागतं, कारण या फेरफाराची सुरुवात तिथे झाली.

कागद कोणाच्या नावावर होता

आधी मालकी पाहू. आफोन्सू द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं तहाने पोर्तुगीजांना दिली. ‘पोर्तुगीजांना’ म्हणजे कोणाला? कागदोपत्री हे सगळं पोर्तुगालच्या मुकुटाचं होतं. त्या काळच्या युरोपात मुकुट म्हणजे नुसता डोक्यावरचा दागिना नव्हता. तो न मरणारा मालक होता. राजे येत-जात राहायचे, जमीन मुकुटाकडे राहायची. गावच्या देवस्थानच्या जमिनीसारखंच हे आहे. पुजारी बदलतात, जमीन देवाच्या नावावर राहते.

या मुकुटाने मुंबईची जमीन पुढे वार्षिक खंडावर दिली. खंड भरणाऱ्यांत एक मोठं नाव होतं, गार्सिया द ओर्ता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथामुळे जगाला माहीत झालेला हाच तो वैद्य. म्हणजे मुंबई तेव्हाही लीजवरच होती. सरदारजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

मग सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो की त्या मुकुटाखाली बसणारा माणूस कोण, आणि तो कोणत्या नियमाने तिथे बसतो. राजघराण्याचं मूळ यंत्र म्हणजे हाच नियम. राजवाडे, तसबिरी, पोशाख हे सगळं त्याच्यावरचं रंगकाम.

मुलाची मुलगी की मुलीचा मुलगा?

४ ऑगस्ट १५७८. पोर्तुगालचा चोवीस वर्षांचा अविवाहित राजा सेबाश्तियांव मोरोक्कोत अल्कासर किबीरच्या लढाईत मारला गेला. त्याला मूल नव्हतं, भाऊही नव्हता. गादी गेली त्याच्या आजोबांच्या भावाकडे, म्हणजे आंरीककडे. तो म्हातारा तर होताच, शिवाय कॅथलिक चर्चचा कार्डिनल होता, म्हणजे ब्रह्मचर्याच्या व्रतात बांधलेला. जानेवारी १५८० मध्ये तोही गेला आणि आव्हीश घराण्याची गादी रिकामी पडली.

आता भावकीचं भांडण. जवळजवळ सगळे दावेदार एकाच माणसाच्या, मानुएल राजाच्या, वंशातले होते. वास्कू द गामा कालिकतला पोचला तेव्हाचा राजा तो हाच. दावेदार बरेच होते, पण महत्त्वाचे तीन. पहिला आंतोनियू, मानुएलच्या एका मुलाचा मुलगा. नातं सर्वांत सरळ, पण आई-बापांचं लग्न झालेलं नव्हतं. दुसरी कातारिना, ब्रागांझाच्या ड्यूकची बायको. ती मानुएलच्या दुसऱ्या एका मुलाची मुलगी. तिसरा स्पेनचा राजा फेलिपे दुसरा. मानुएलची मुलगी इझाबेल ही त्याची आई.

अनौरस म्हणून आंतोनियूला बाजूला ठेवलं, तरी उरलेला पेच कोणत्याही तलाठ्याला घाम फोडेल असा आहे. मुलाची मुलगी मोठी की मुलीचा मुलगा? कातारिनाचं म्हणणं असं की माझे वडील आज हयात असते तर गादी त्यांचीच झाली असती, ते नाहीत म्हणून मी त्यांच्या जागी उभी आहे. वाटणीत मेलेल्या भावाचा वाटा त्याच्या पोरांना जातो, त्यातलंच हे तत्त्व. फेलिपेचं म्हणणं असं की राजाशी दोघांचंही नातं एकाच अंतरावर आहे, मग पुरुष असताना बाईला गादी कशाला? दोन्ही बाजूंनी विद्वान कायदेपंडित लिहीत बसले. फेलिपेकडे मात्र पंडितांखेरीज फौज होती, आणि तीही शेजारच्याच देशात. १५८० मध्ये त्याचं सैन्य लिस्बनमध्ये शिरलं आणि पुढच्या वर्षी तोमारच्या सभेत त्याच्या नावावर फेरफार पक्का झाला. त्याच क्षणी गोवा, वसई, मुंबई हे सगळं स्पेनच्या राजाच्या हाताखाली आलं. मुंबईतल्या एकाही कोळ्याला त्या दिवशी याचा पत्ता लागला नसेल.

एक मालक, दोन सातबारे

स्पेनने पोर्तुगाल गिळला असं मात्र झालं नाही. फेलिपेने तोमारला शब्द दिला होता की पोर्तुगालचे कायदे, खाती, हुद्दे आणि पूर्वेचा व्यापार पोर्तुगीजांच्याच हाती राहील. एकाच माणसाच्या नावावर दोन वेगळ्या गावांतले दोन सातबारे असावेत, तसं हे होतं. मालक एक, पण दोन्ही शिवारांचे बांध जागच्या जागी. युरोपात अशी व्यवस्था अनेकदा झाली.

तिच्यातली अडचण अशी की मालकाची भांडणं दोन्ही शेतांवर येतात. स्पेनच्या राजाशी डच लोक तेव्हा स्वातंत्र्यासाठी लढत होते. मिरी, लवंग, दालचिनी ते लिस्बनहून विकत घेत. आता लिस्बनही शत्रूच्या राजाचं झालं, तेव्हा डचांनी जहाजं काढली आणि मसाल्याच्या मूळ गावी स्वतःच येऊन पोचले. १६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. पुढे त्यांनी मलाक्का घेतलं, श्रीलंकेतून पोर्तुगीजांना हुसकलं, गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी केली. मोरोक्कोत निपुत्रिक राजा मेल्याची किंमत हिंदी महासागरात अशी भरावी लागली.

ब्रागांझा कोण?

साठ वर्षं फेलिपे नावाच्या तीन राजांनी पोर्तुगालवर राज्य केलं. हळूहळू तोमारचे शब्द विसरले गेले आणि कर वाढले. १ डिसेंबर १६४० ला लिस्बनमधल्या सरदारांनी राजवाड्यात घुसून स्पेनचा चिटणीस मिगेल द व्हाश्कोन्सेलुश याला ठार केलं, खिडकीतून खाली फेकलं आणि ब्रागांझाच्या आठव्या ड्यूकला राजा म्हणून पुकारलं. तो झाला जुआंव चौथा. आजी कातारिनाने १५८० मध्ये जो दावा गमावला होता, तोच नातवाने वर काढला. वारसा हक्क साठ वर्षं पेटीत ठेवला तरी त्याला वाळवी लागत नाही, असं त्या काळी मानत.

गंमत अशी की ब्रागांझा घराण्याचं मूळच अनौरस होतं. आव्हीश घराण्याचा संस्थापक जुआंव पहिला हा स्वतः लग्नाबाहेरचा मुलगा. त्याचा तसाच एक मुलगा अफोन्सू. बापाने त्याला रीतसर औरस ठरवून घेतलं, देशातल्या सर्वांत श्रीमंत सेनापतीची मुलगी त्याला करून दिली आणि १४४२ मध्ये तो ब्रागांझाचा पहिला ड्यूक झाला. पुढे या घराची जमीन इतकी वाढली की राजालाच भीती वाटू लागली. १४८३ मध्ये तिसऱ्या ड्यूकचा शिरच्छेद झाला, इस्टेट जप्त झाली. काही वर्षांनी मानुएल राजाने ती परत केली. पडून पुन्हा उभं राहायची सवय या घराला होती.

जुआंव चौथ्याने १६४६ मध्ये आपला मुकुट व्हिला व्हिसोझाच्या मेरीमातेला वाहिला आणि तिलाच राज्याची राणी मानलं. त्यानंतर एकाही पोर्तुगीज राजाने डोक्यावर मुकुट घातला नाही. देवाच्या पायरीशी राज्य ठेवून आपण कारभारी म्हणून चालवायचं, ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. त्रावणकोरच्या राजाने पद्मनाभस्वामीच्या चरणी राज्य वाहिलं, ती याच जातीची.

लग्न म्हणजे तह

गादी मिळाली, पण फेरफाराला शेजाऱ्याची हरकत होती. स्पेनने जुआंवला राजा म्हणून मान्य केलं नाही आणि युद्ध चालू राहिलं. १६५६ मध्ये जुआंव वारला. मुलगा अफोन्सू सहावा तेरा वर्षांचा, लहानपणच्या आजाराने अंगाची एक बाजू अधू झालेला. कारभार आईच्या, लुईझा द गुझमानच्या, हाती आला. १६५९ मध्ये सर्वांत वाईट बातमी आली. फ्रान्स आणि स्पेनचा तह झाला आणि पोर्तुगालला मदत करणार नाही असं फ्रान्सने कबूल केलं. आता स्पेनचं सगळं सैन्य एकाच सरहद्दीवर येणार होतं. पूर्वेला डच होतेच.

लुईझाच्या हातात विकण्याजोग्या वस्तू थोड्या होत्या. त्यांतली एक म्हणजे मुलगी. वाचायला कठोर वाटतं, पण त्या काळात राजकन्येचं लग्न हा तहाचाच एक कागद होता. तहावर सही करून माणसं फिरतात. मुलगी तिकडे नांदत असेल, तिची मुलं तिकडच्या गादीवर बसणार असतील, तर शब्द मोडणं अवघड जातं. आपल्याकडेही देशमुखांच्या घरांत वैर मिटवायला सोयरीक करत आलेच आहेत. १६६० मध्ये इंग्लंडच्या गादीवर चार्ल्स दुसरा परत आला होता. त्याच्याकडे आरमार होतं आणि तिजोरी रिकामी होती. लुईझाकडे बरोबर उलट अडचण होती.

२३ जून १६६१ च्या करारात आंदण ठरलं ते असं: २० लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या टोकावरचं तांजियर शहर, मुंबई, आणि पोर्तुगीज मुलखात इंग्रजांना व्यापाराच्या सवलती. बदल्यात इंग्लंडने फौज आणि जहाजं द्यायची. एका गुप्त कलमात पूर्वेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांना डचांपासून वाचवण्याचाही शब्द होता. मुंबई देण्यामागचा हिशेब त्यातच होता. इंग्रजांना तिथे बसवलं तर ते आपल्या शेजारी पहारा देतील, असं लिस्बनला वाटत होतं. म्हणून शाळेच्या पुस्तकातली ओळ मला नेहमी अपुरी वाटते. राजाने मुंबई उदारपणे वाटली नव्हती, देशाचा विमा उतरवला होता आणि मुंबई हा त्याचा हप्ता होता. रोकड मात्र पुरी पडेना. तिचा बराच भाग साखर आणि इतर माल देऊन भागवावा लागला.

मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला लग्न लागलं. आपण जिला कॅथरीन म्हणतो तीच ही, पणजीचंच नाव असलेली कातारिना.

नाव लागलं, ताबा मिळेना

कागद झाला तरी ताबा वेगळा, हे इंडस्ट्रियल एरियात कोणाला सांगावं लागत नाही. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रज जहाजं मुंबईसमोर आली, बरोबर ताबा घ्यायला नेमलेला अब्राहम शिपमन. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियू द मेलू द काश्त्रू याने कागदपत्रांत खोट काढली आणि बेट द्यायचं नाकारलं. त्याला मनापासून वाटत होतं की इंग्रज इथे बसले त्या दिवशी पोर्तुगीजांचा हिंदुस्थान संपला. राजाला त्याने तसं कळवलंही.

शिपमनची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन थांबली. ना निवारा, ना औषध, वर कोकणचे पावसाळे. शिपमन तिथेच मेला, बहुतेक सैनिकही मेले, शंभराच्या आसपास उरले. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने अखेर ताबा घेतला. हस्तांतराचे कागद झाले ते दोना इग्नेस द मिरांदा या बाईंच्या वाड्यात. मुंबई बेटाची खंडकरी मालकीण तेव्हा ती होती.

मग हद्दीचा वाद. ‘मुंबई’ म्हणजे नेमकं काय? कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं. पोर्तुगीज म्हणत, दिलं ते फक्त मुंबई बेट. इंग्रज म्हणत, ओहोटीला चालत जाता येतं ते सगळं एकच. कुकने लवकरच माहीम घेतलं आणि बाकीची बेटंही यथावकाश इंग्रजांकडे गेली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली.

चार्ल्सला ही जागा परवडेना. मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला सोन्याच्या रूपात दहा पौंड खंडाने. मालकी मुकुटाची, वहिवाट कंपनीची. पुन्हा लीजहोल्ड! त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पेनने ब्रागांझांचं राज्य मान्य केलं. ज्या संकटासाठी मुंबई दिली ते संकट टळलं होतं. मुंबई परत मागायची सोय करारात नव्हती.

इथे मला एक विचार नेहमी अडवतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टीसकट उत्तरेकडचा बहुतेक पोर्तुगीज मुलूख मराठ्यांकडे आला. वसईच्या चर्चमधल्या घंटा आजही भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला टांगलेल्या दिसतात. मुंबई आंदणात गेली नसती तर १७३९ मध्ये तीही त्याच मुलखात मोडली असती. पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण वारसाहक्काच्या एका भांडणाने मराठ्यांच्या दारातलं बंदर आधीच दुसऱ्याच्या हाती नेऊन ठेवलं होतं, एवढं खरं.

चौकट: गोव्यामागची तीन घराणी

*आव्हीश (१५८० पर्यंत):* मानुएलच्या राज्यात गोवा घेतला, जुआंव तिसऱ्याच्या राज्यात वसई-मुंबई आली. सेबाश्तियांव आणि आंरीक यांच्याबरोबर घराणं संपलं.
*स्पेनचे हाब्सबुर्ग (१५८०–१६४०):* फेलिपे नावाचे तीन राजे.
*ब्रागांझा (१६४०–१९१०):* जुआंव चौथा १६४०, अफोन्सू सहावा १६५६, पेद्रू दुसरा १६८३, जुआंव पाचवा १७०६, जुझे १७५०, मारिया पहिली १७७७, जुआंव सहावा १८१६, पेद्रू चौथा १८२६, मारिया दुसरी १८२६, मिगेल १८२८, पुन्हा मारिया दुसरी १८३४, पेद्रू पाचवा १८५३, लुईश १८६१, कार्लुश १८८९, मानुएल दुसरा १९०८.

दत्तक का घेतला नाही?

मराठी वाचकाला या सगळ्यात एक प्रश्न पडायलाच हवा. सेबाश्तियांवला मूल नव्हतं, तर एखादा मुलगा दत्तक का नाही घेतला? आपल्याकडे निपुत्रिक राजाचा प्रश्न असाच सुटत आला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचा शाहू महाराज झाला. हिंदू धर्मशास्त्राच्या दृष्टीने विधिपूर्वक दत्तक घेतलेला मुलगा हा मुलगाच. तो श्राद्ध करतो, म्हणून तो वारस.

कॅथलिक युरोपात मुकुट विधीने मिळत नसे, जन्माने मिळे, आणि जन्मही चर्चने मान्य केलेल्या लग्नातला हवा. बायको एकच. तिला मूल झालं नाही तर दुसरी करता येत नाही, पोपच्या परवानगीशिवाय सोडताही येत नाही. दत्तकाची वाट बंद. म्हणजे हे यंत्र प्रत्येक पिढीत एका बाईच्या बाळंतपणावर तोललेलं. मूल जगलं नाही की वारस शोधत दूरच्या आत्या-मावश्यांच्या वंशात जायचं, आणि त्या परदेशात दिलेल्या! म्हणून युरोपात निपुत्रिक राजाच्या मृत्यूनंतर इतकी युद्धं झाली.

आपल्या दत्तकाची ताकद कळायला १८४८ पाहावं. साताऱ्याच्या शहाजी राजांनी मरणापूर्वी दत्तक घेतला, डलहौसीने तो नामंजूर केला आणि सातारा खालसा झालं. पुढे झाशी आणि नागपूरची तीच गत. ब्रिटिशांनी घराणी बुडवली ती दत्तकाच्या कलमावर बोट ठेवून, कारण घराण्याचा जीव कुठे आहे ते त्यांना बरोबर समजलं होतं.

कातारिनाच्याही वाट्याला हेच दुखणं आलं. तिला मूल झालं नाही. गर्भ राहिले, टिकले नाहीत. चार्ल्सला लग्नाबाहेरची कितीतरी मुलं होती, पण गादी गेली त्याच्या भावाकडे. ज्या नातवासाठी हा सगळा व्यवहार, तो नातू कधी जन्मलाच नाही.

काका-पुतणीचं लग्न

मुलगीच वारस असेल तर आणखी एक भीती. तिने परदेशी राजाशी लग्न केलं की राज्य त्या घराण्यात जाणार. १५८० ची जखम पोर्तुगाल विसरला नव्हता. म्हणून राजाच्या मुलीने देशातल्याच माणसाशी लग्न करावं, असा लामेगूच्या सभेचा फार जुना म्हणून सांगितलेला कायदा पुढे आणला गेला. तो मुळात बनावट होता, १६३२ मध्ये पहिल्यांदा छापला गेला होता. पण सगळ्यांना सोयीचा असल्यामुळे तो खऱ्या कायद्यासारखा चालला.

जुझे राजाला मुलीच. थोरली मारिया हिच्यासाठी देशातला तोलामोलाचा नवरा शोधायचा म्हणजे घरातलाच. १७६० मध्ये तिचं लग्न सख्ख्या काकाशी लावलं. दक्षिणेकडे मामा-भाचीचं लग्न आपण पाहिलेलं असतं. काका-पुतणी मात्र एकाच गोत्रातली, आपल्याकडे कल्पनाही करवत नाही. घराणं म्हणजे बापाचं आडनाव, हा युरोपचा नियम इथे मुळाशी आहे. काकाशी लग्न केलं की मुलांचं आडनाव ब्रागांझाच राहतं आणि राज्य घराबाहेर जात नाही. पोपची विशेष परवानगी तेवढी लागते.

मारिया पहिली पुढे मनाने आजारी झाली आणि मुलगा जुआंव कारभार पाहू लागला. नोव्हेंबर १८०७ मध्ये नेपोलियनचं सैन्य लिस्बनच्या वेशीवर असताना अख्खं राजघराणं जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेलं. तेरा वर्षं गोव्याचा कारभार रिओ द जानेरोहून चालला. वसाहतीत राजधानी आणि मूळ देश परक्या सैन्याखाली, असं युरोपच्या दुसऱ्या कुठल्या घराण्याचं झालं नाही.

मग घर फुटलं. थोरला मुलगा पेद्रू १८२२ मध्ये स्वतंत्र ब्राझीलचा सम्राट झाला. बाप वारल्यावर पोर्तुगालची गादीही त्याच्याकडे आली, पण दोन्ही एका हाती ठेवणं कोणालाच नको होतं. तोमारचा अनुभव पाठीशी होता. त्याने पोर्तुगाल आपल्या सात वर्षांच्या मुलीला, मारिया दुसरीला, दिलं आणि तिचं लग्न धाकट्या भावाशी ठरवलं. पुन्हा काका-पुतणी. मिगेल या काकाने नवरा होण्याऐवजी स्वतःच राजा व्हायचं ठरवलं. १८३४ पर्यंत यादवी चालली, मिगेल हरला आणि त्याच्या वंशाला हद्दपार केलं.

मांडवीच्या काठावर

लिस्बनच्या घरातली भांडणं गोव्यात कशी उतरत, याचा सर्वांत ठळक दाखला याच यादवीतला. मारियाच्या बाजूच्या उदारमतवाद्यांनी बेर्नार्दू पेरीश द सिल्व्हा या गोंयकाराला गोव्याचा प्रमुख नेमलं. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत भूमिपुत्राला मिळालेलं हे एकमेव असं पद. जानेवारी १८३५ मध्ये त्याने सूत्रं घेतली आणि १७ दिवसांत तिथल्या लष्कराने त्याला पदच्युत केलं. तो मुंबईला पळाला. मूळ गोष्ट आंदणातल्या मुंबईची म्हणून हा तपशील मला फार बोलका वाटतो. ब्रागांझांच्या राज्यातून हाकललेल्याला आसरा मिळाला तो ब्रागांझांनीच देऊन टाकलेल्या बेटावर.

याच्या दीडशे वर्षं आधी, सप्टेंबर १६८३ मध्ये, गादीवरून दूर करून सिंत्राच्या राजवाड्यात डांबलेला अफोन्सू सहावा वारला आणि भाऊ पेद्रू नावानेही राजा झाला. दोन-अडीच महिन्यांत संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. व्हाइसरॉय इतका हवालदिल झाला की त्याने आपला राजदंड जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या देहापाशी ठेवला. मुघल फौज चालून आली म्हणून मराठ्यांना माघारी जावं लागलं.

फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जुझे आणि मारिया पहिलीच्या राज्यात, गोव्याला जोडले गेले. त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. तिथल्या देवळांना हात लावला गेला नाही. १८९५ मध्ये सत्तरीच्या राण्यांचं बंड झालं. मोझांबिकला जायला नकार देणारे मराठा शिपाई त्यांच्याबरोबर उठले. तेव्हा कार्लुश राजाचा भाऊ अफोन्सू स्वतः फौजेबरोबर गोव्यात आला.

राज्य गेल्यावर

१ फेब्रुवारी १९०८ ला लिस्बनच्या चौकात उघड्या बग्गीत कार्लुश आणि युवराज दोघांना गोळ्या घातल्या. धाकटा मानुएल अठरा वर्षांचा राजा झाला, ५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक आलं आणि तो इंग्लंडला गेला. गोवा त्यानंतरही ५१ वर्षं पोर्तुगालकडेच राहिला, फक्त वर राजा नव्हता. मानुएल १९३२ मध्ये निपुत्रिक वारला. वारसाचा नियम मात्र राज्य नसतानाही चालूच राहिला. हद्दपार मिगेलच्या नातवाकडे, दुआर्त नूनूकडे, दावा गेला. १९४२ मध्ये त्याने ब्राझीलच्या शाखेतल्या मारिया फ्रान्सिश्काशी लग्न केलं आणि शंभरावर वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन भावांच्या शाखा पुन्हा जुळल्या.

हे सगळं ऐकून सरदारजींनी दोनच गोष्टी विचारल्या. ती राजकन्या मुंबई बघायला कधी आली का? नाही. नवरा गेल्यावर ती १६९३ मध्ये लिस्बनला परतली, तिथे काही काळ भावाच्या वतीने कारभारही पाहिला आणि १७०५ मध्ये वारली. इंग्लंडच्या दरबाराला चहाची गोडी तिने लावली असं सांगतात. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, आता त्या घराच्या मुलाच्या नावावर काय आहे? दुआर्त नूनूच्या मुलाच्या, १९४५ मध्ये जन्मलेल्या दुआर्त पियूच्या, नावामागे आज लागते ती पदवी म्हणजे ब्रागांझाचा ड्यूक, १४४२ मध्ये अफोन्सूला मिळालेलीच.